गंजाखालचे आकडे

माझ्या शर्टाच्या खिशात कायम एक पेन्सिल असते. हिशेब मी बॉलपेननंच लिहितो. पेन्सिल असते ती ट्रकच्या चासीसाठी. लोखंडावर ठोकलेल्या आकड्यांवर कागद घट्ट धरायचा आणि वरून शिसं आडवं घासायचं. खड्डे पांढरे राहतात, बाकीचा कागद काळा होतो आणि नंबर उमटतो. आरटीओच्या फॉर्मला हा पेन्सिल प्रिंट लावावा लागतो. नव्या गाडीचा प्रिंट शोरूममधलं पोरगं दोन मिनिटांत काढतं. मला बोलावतात ते दोन-दोन दिवस शोधून नंबर हाती लागत नाही अशा गाड्यांसाठी. सोलापुरात आणि आसपासच्या तालुक्यांत तीसेक वर्षं हे काम करतोय. या कामाला धड नावही नाही. फोनवर लोक एवढंच म्हणतात, "मिस्त्री, तेवढा नंबर काढून द्या."

"काढून द्या" यातच सगळी गोम आहे. काहींना नंबर शोधून हवा असतो, काहींना तयार करून हवा असतो. मराठीत दोन्हीला शब्द एकच. फोनवर कळत नाही, गाडीपाशी गेल्यावर कळतं.

जुन्या ट्रकांना सोलापूर जिल्ह्यात तोटा नाही. पुणे–हैदराबाद रस्ता इथून जातो, विजापूरचा इथून फुटतो, तुळजापूरवरून धुळ्याकडे जाणारा इथूनच निघतो. एके काळी गिरण्यांचं कापड, नंतर चादरी-टॉवेल, ज्वारी, ऊस, सिमेंट, कांदा. लांबच्या पल्ल्याला नको झालेला ट्रक आधी उसाला लागायचा, मग पाण्याचा टँकर व्हायचा, मग बोअरच्या मशिनीखाली जायचा, नाहीतर जत्रेतल्या पाळण्यांचं सामान ओढायचा. शेवटी विहिरीजवळ झाडाखाली उभा राहायचा आणि केबिनमध्ये कोंबड्या अंडी घालायच्या. मग नातवाच्या हातात पैसा येतो, आजोबांची गाडी रस्त्यावर आणायची हौस येते. कुठे भावाभावांत वाटणी होते आणि कागद लागतो. तेव्हा आरसी-टीसी बुक पेटीतून निघतं; त्यातला नंबर गाडीवर कुठे आहे ते कुणालाच माहीत नसतं.

मी १९८४ साली हैदराबाद रोडवरच्या एका गॅरेजात पोऱ्या म्हणून लागलो. चौदा वर्षांचा होतो. उस्ताद चासीचं काम करायचे: वाकलेली चासी सरळ करणं, पाटे बसवणं, तुटलेलं क्रॉस मेंबर बदलणं. पहिले सहा महिने माझ्या हातात फक्त रॉकेलचा डबा आणि ब्रश. कुठलीही गाडी आली की मी ब्रश घेऊन धावायचो आणि उस्ताद ओरडायचे, "हात मत लगा बे, पहले देख." मला वाटायचं म्हातारा उगाच रुबाब करतो. ते गाडीभोवती दोन चकरा मारायचे, मालकाला विचारायचे, काय भरायची ही गाडी? किती साल ऊस ओढला? खताची पोती भरली का? मळी नेली का? मग खाली वाकायचे.

ते का विचारायचे, हे कळायला मला काही वर्षं लागली. टाटाच्या ट्रकचा नंबर चासीच्या उजव्या मेंबरच्या, म्हणजे उजव्या लांब तुळईच्या, बाहेरच्या अंगाला, पुढच्या चाकाच्या आसपास असतो, हे कुणीही सांगेल. पण उसाच्या गाडीत क्षमतेच्या दीडपट माल भरला जायचा. चासी वाकू नये म्हणून मालक मेंबरला लोखंडी पट्टी मारून घ्यायचे, कधी रिव्हेट ठोकून, कधी वेल्डिंग करून. नंबर त्या पट्टीखाली जायचा. पट्टी मारणाऱ्याला त्याचं काही सोयरसुतक नसायचं. खताच्या गाडीचं उलट: वर काहीच नाही, पण युरिया आणि ओल यांनी मेंबरचा पापुद्राच सोडवलेला. तिथे ब्रश जोरात मारला की पापुद्र्याबरोबर आकडाही गेला. टँकरला आतून-बाहेरून डांबर फासलेलं. जत्रेच्या गाड्यांना दर वर्षी सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेआधी नवा रंग. अशा एका गाडीवर मी रंगाचे अकरा थर मोजलेत. प्रत्येकाची रीत वेगळी. गाडीनं आयुष्यभर काय केलं ते कळलं की नंबर कशाखाली असेल याचा निम्मा अंदाज येतो.

हत्यारं म्हणाल तर फार नाहीत. रॉकेल मिळेनासं झालं तेव्हापासून डिझेल. पितळी तारांचा ब्रश, पोलादी नाही. लाकडाची पटाशी, म्हणजे बाभळीची खपली घासून मीच केलेली. बारीक पॉलिश पेपर, खडूची पूड, दाढीचा आरसा आणि बॅटरी. बॅटरी समोरून मारायची नाही. मेंबरला जवळजवळ टेकवून, तिरकी. समोरच्या उजेडात सपाट दिसणारं लोखंड तिरक्या उजेडात नांगरलेल्या रानासारखं दिसतं, प्रत्येक खड्ड्याला सावली पडते. मला सगळ्यात आवडतं ते सकाळी सातच्या उन्हात काम करायला. ऊन आडवं येतं आणि बॅटरीची गरजच उरत नाही. सोलापूरच्या मे महिन्यात तसंही दहानंतर ट्रकखाली कोण झोपणार?

आता माझी चूक सांगतो. सांगायला नको वाटतं, पण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

१९९२ सालची गोष्ट. उस्ताद गावी गेले होते. एका मालकाची टाटा १२१० पासिंगला जायची होती. नंबर सापडला, पण एक आकडा गंजानं खाल्लेला. मला तो आठ वाटला. मालक घाईत, फायनान्सचा हप्ता थकलेला, गाडी उभी. मी बावीस वर्षांचा, मला सगळं येतं असं वाटायचं वय. पेटीतला आठाचा पंच काढला आणि आकडा "जरा उठावदार" करून दिला. दोन ठोके. प्रिंट काय सुंदर आला! कागद पुस्तकाशी ताडून बघायचं मात्र राहिलं. पुस्तकात तीन होता.

निरीक्षकांनी प्रिंट पाहिला, मग स्वतः खाली वाकले. बोट फिरवलं आणि विचारलं, "हा आकडा कुणी मारला?" बाकीचे आकडे कारखान्याचे, जुने, कडा झिजलेले. माझा आठ ताजा, चकचकीत, कडेला लोखंड वर आलेलं. कुणीही ओळखलं असतं. गाडी जप्त झाली, पोलिसांत चौकशी गेली. मालकाला चोरीची गाडी नाही हे सिद्ध करायला दोन वर्षं लागली. तोवर टायर सडले, फायनान्सवाल्यांनी हात वर केले आणि गाडी शेवटी भंगारात वजनावर गेली. मालकानं मला शिवी दिली नाही. त्याच्या दारावरून जाताना मी आजही मान खाली घालतो. उस्ताद परतले. त्यांनी माझ्या पेटीतले सगळे पंच काढून घेतले, दहा आकडे आणि सव्वीस अक्षरं, आणि पुन्हा कधी दिले नाहीत. त्यांच्या माघारी मला ते सापडले. अजून तसेच बांधून ठेवलेत.

अस्पष्ट नंबर पुन्हा ठोकता येतो. पण आधी अर्ज, मग गाडी चोरीची नाही याची खात्री, मग लेखी परवानगी आणि निरीक्षकांच्या नजरेसमोर काम, अशी त्याची वाट आहे. वेळ जातो. गॅरेजात दोन ठोक्यांत होतं आणि निस्तरायला दोन वर्षं जातात, हे मी पदरमोड करून शिकलो. खरं तर दुसऱ्याच्या पदराची मोड करून.

त्यानंतर मी नियम केला: आधी पुस्तकातला नंबर बघायचाच नाही. उलटं वाटेल. पण नंबर आधी माहीत असला की डोळे तोच वाचतात. गंजाच्या डागात तीन हवा असला की तीन दिसतो. म्हणून मालकाला सांगतो, पुस्तक खिशात ठेवा. मी प्रिंट काढतो, जो आकडा दिसतो तो लिहितो, जो दिसत नाही तिथे फुली मारतो. मग दोन्ही कागद शेजारी ठेवायचे.

या नियमामुळेच एकदा पुस्तक चुकलं होतं ते कळलं. बार्शीकडचा एक लेलँड ट्रक. माझ्या प्रिंटमध्ये स्वच्छ चार, पुस्तकात आठ. मालकाचा चेहरा उतरला. मी तीनदा प्रिंट काढला, तिन्ही वेळा चार. मालकानं घर धुंडाळलं. ज्या सोसायटीकडून कर्ज काढलं होतं तिचं जुनं पासबुक निघालं, मराठीत लिहिलेलं. त्यात नंबर देवनागरी आकड्यांत होता. मराठी चार घाईनं लिहिला, वरची दोन टोकं जरा जवळ आली, की इंग्रजी आठच. कुणीतरी पासबुकावरून इंग्रजीत उतरवताना आठ केला आणि पुढे पंचवीस वर्षं तो आठच राहिला. मराठी एक आणि इंग्रजी नऊ यांचंही तेच. विक्रेत्याचं मूळ बिल सापडलं, त्यात टाइप केलेला चार होता, म्हणून दुरुस्ती झाली. तेव्हापासून पुस्तक जुळलं नाही तर मी पहिला प्रश्न विचारतो, घरात मराठीत लिहिलेलं काही आहे का?

हल्ली सतरा अक्षरांचा नंबर येतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत, एक आणि शून्याशी घोटाळा नको म्हणून. हे ठरवणारा कधीतरी ट्रकखाली झोपला असणार. जुन्या टाटाच्या नंबरात आधी आकडे, मध्ये अक्षरं, पुन्हा आकडे. अक्षरांत महिना-साल दडलेलं असतं, त्यामुळे गाडीचं वय खोटं सांगितलं तर तिथे पकडता येतं. टाटांच्या टेल्कोनं जर्मनीच्या डाइमलर-बेंझबरोबर १९५४ साली करार केला आणि जमशेदपूरला ट्रक निघू लागले. १९६९ला करार संपला, बोनेटवरची तीन टोकांची चांदणी गेली. चांदणीवाली गाडी असं कुणी सांगितलं की मी आधी साल विचारतो. चांदणी नंतरही कितीतरी जणांनी हौसेनं लावली आहे.

तयार करून हवा असणाऱ्यांचं एक उदाहरण देतो आणि पुढे जातो. रात्री आठला बोलावणं आलं, पत्रा शेडमध्ये. गाडीला नवा रंग, टायर मात्र गुळगुळीत. इतका जुना ट्रक आणि उजवं मेंबर आरशासारखं. हात फिरवला तर चाकाजवळ वीतभर जागा किंचित खोल, बोटाला कळेल एवढीच. ग्राइंडरच्या रेघा आडव्या होत्या, बाकी घासकाम उभं. "यावर हा नंबर काढून द्या," म्हणून एक चिठ्ठी पुढे आली आणि चिठ्ठीखाली नोटा. मी म्हटलं, माझ्याकडे पंच नाहीत. ते खरंच होतं. चहा न पिता निघालो. तक्रार द्यायला पोलीस ठाण्यात मात्र गेलो नाही, ही माझी कमजोरी. बायको-पोरं होती, भीती वाटली. पुढे ती गाडी दुसरीकडे पकडली गेली आणि मला जबाबाला बोलावलं, तेव्हा जे पाहिलं ते सांगितलं.

त्या वेळी एका अधिकाऱ्यांनी मला समजावलं ते फार कामाचं होतं. पंच ठोकला की फक्त वरचा खड्डा पडत नाही, खालचं लोखंडही दाबलं जातं, त्याचा कण बदलतो. वरचं घासून सपाट केलं तरी ते दबलेलं लोखंड खाली शिल्लक राहतं. फॉरेन्सिक प्रयोगशाळेत जागा चकचकीत करून तिच्यावर तांब्याचा क्लोराईड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांचं द्रावण फिरवतात. दबलेलं आणि न दबलेलं लोखंड सारख्या वेगानं झिजत नाही, म्हणून घासून टाकलेला नंबर सावलीसारखा वर येतो. लगेच फोटो घ्यावा लागतो, कारण तो पुसटही होतो. फार खोल घासलं असेल तर काही उरत नाही. ऐकताना मला माझा बावीस वर्षांचा आठ आठवला. त्याच्याखाली तो तीन तेव्हाही असणार.

आता एका फोर्ड ट्रकबद्दल. करमाळा तालुक्यात एका चिंचेखाली उभा होता. लांब नाकाचा, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचा. फोर्डनं हिंदुस्थानातली कंपनी १९२६ला काढली. गाड्या बहुतेक कॅनडातून सुट्या भागांत यायच्या आणि इथे जोडल्या जायच्या. मालकांच्या वडलांनी हा ट्रक जुनाच घेतला होता, भुईमूग आणि कापूस भरायला. मालक स्वतः ऐंशीच्या घरातले. त्यांना मी तात्या म्हणायचो. पुस्तकाची पानं पापडासारखी झालेली, पण नंबर वाचता येत होता. मी नेहमीप्रमाणे म्हटलं, मला दाखवू नका. तात्या हसले, "मग मला विश्वास कसा यायचा?" म्हटलं, उलट तसाच येईल.

इंजिनावर बघायचं काही कारणच नव्हतं. मूळचं पेट्रोल व्ही-एट केव्हाच गेलेलं. तिथे पर्किन्सचं डिझेल इंजिन बसलेलं, मद्रासच्या सिम्पसनचं. त्या काळात पेट्रोल परवडेना म्हणून कितीतरी ट्रकांचं असं झालं. गिअरबॉक्सही बदललेला. दाराच्या खांबावरची प्लेट गायब. राहिली चासी. मी दिवसभर उजवं मेंबर घासलं, कारण इतक्या वर्षांच्या सवयीनं हात उजवीकडेच जातो. संध्याकाळी बोटं सोलवटून घरी आलो आणि रात्री झोपेत आठवलं की उस्ताद कधीतरी बोलले होते: फोर्डचा नंबर डाव्या मेंबरच्या माथ्यावर असतो. बाजूला नाही, माथ्यावर. एकापेक्षा जास्त ठिकाणी ठोकलेला, आणि दोन्ही टोकांना चांदणी.

दुसऱ्या दिवशी डाव्या मेंबरवर पुढच्या बाजूला बघितलं. तिथे कुणीतरी ब्रॅकेट तुटलं म्हणून वेल्डिंगचा ढीग ओतलेला. एक चांदणी अर्धी बाहेर, बाकी सगळं त्या ढिगाखाली. एवढंच कळलं की जागा बरोबर आहे. पुढची जागा केबिनखाली. केबिन उचलल्याशिवाय दिसणार नाही. चार नटबोल्टना तीन दिवस डिझेल पाजलं. एकही कापला नाही. चिंचेच्या फांदीला चेन-पुली बांधली आणि केबिन वीतभर वर घेतली. खाली लाकडाचे ओंडके. मेंबर आणि केबिन यांच्यामधलं मूळचं पॅडिंग कुजून चिकटलेलं होतं. बाभळीच्या पटाशीनं ते सुटत गेलं आणि खाली काय निघालं असेल? गंजच नाही. कारखान्यातला काळा रंग. जिथे कुणाचा हात गेला नव्हता तिथे लोखंड जसंच्या तसं राहिलं होतं.

वरून डोकं घालायला जागा नव्हती. आरशात उलटे आकडे दिसत होते. मी प्रिंट काढला, चांदणीपासून चांदणीपर्यंत. एकही फुली नाही. तात्यांना म्हटलं, आता पुस्तक काढा. त्यांनी चष्मा लावून एकेक आकडा मोठ्यानं वाचला, मी कागदावर बोट ठेवत गेलो. सगळे जुळले. तात्या काही बोलले नाहीत. सुनेला हाक मारून म्हणाले, "मिस्त्रींना जेवायला वाढा."

मला वाटलं काम झालं. आणि नोंदणीपाशी ते अडलं. केंद्र सरकारनं जुलै २०२१मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी नियम काढले. पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात जपलेली गाडी. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, फेरनोंदणीला ५,०००. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. दहा वर्षांची मुदत. रोजच्या वापराला नाही, प्रदर्शन-रॅलीला चालेल. चांगले नियम आहेत. पण ते आहेत दुचाकींसाठी आणि प्रवासी मोटारींसाठी. माल वाहणारा ट्रक त्यात बसत नाही. पर्किन्स इंजिनामुळे मूळ रूपाचा वाद झाला असता तो वेगळाच, तिथपर्यंत गोष्ट गेलीच नाही. ट्रक म्हणून चालवायचा तर आजच्या मालवाहू गाडीसारखं पासिंग हवं, आणि त्या ब्रेकांवर ते कोण देणार? मी निरीक्षक असतो तर मीही दिलं नसतं.

राजे-संस्थानिकांच्या मोटारी वारशात धरल्या, ते बरोबरच आहे. पण या जिल्ह्याचा कापूस, ऊस, दुष्काळातलं पाणी ज्यांनी वाहिलं त्या गाड्यांसाठी नियमात एक ओळ वाढवायला हरकत नसावी: माल न भरता, फक्त जतनासाठी. ज्यांच्या हातात आहे त्यांनी ते बघावं.

तोवर ज्यांच्या रानात असा ट्रक उभा आहे त्यांना एक विनंती. धुऊन घेण्याआधी, रंग देण्याआधी, भंगारवाल्याशी बोलण्याआधी, कोरड्या दिवशी सकाळच्या उन्हात नंबर शोधा आणि पेन्सिलीनं तीन प्रिंट काढून वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. सापडला नाही तर थांबा, जाणत्याला बोलवा. ग्राइंडर लावू नका.